नऊ निरोप

सोलापूर,
४ डिसेंबर २०२४

चि. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. थंडी पडू लागली आहे. तुझ्यासाठी शेंगाचटणी कुटून ठेवली आहे, येणारं कुणी भेटलं की पाठवते. आपल्या आईच्या, अव्वाच्या, समाधीवरची माती थोडी खचली होती, ती सिद्धप्पाकाकांनी भरून घेतली. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

तू दोनदा विचारलंस, अव्वासाठी माझ्या मोबाईलवर बोलून पाठवलेल्या शेवटच्या नऊ निरोपांवर ऐकल्याची निळी खूण का नाही. मी नेट नव्हतं म्हणाले. नेट होतं.

तू इंग्लंडला जाऊन सतरा वर्षं झाली. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जातेस, त्यांची बाजू घेऊन ऑफिसांशी भांडतेस, हे मी सगळ्यांना सांगत आले. खरंच चांगलं काम आहे. दर रविवारी तू मला फोन करायचीस. जेवण किती, झोप किती, गोळ्या वेळेवर का, पाठीला जखम आहे का. नेहमी त्याच क्रमाने. तुझ्या कामाच्या फॉर्ममध्ये तो क्रम असणार. मी उत्तरं द्यायचे, तू "ओके अक्का" म्हणायचीस.

मग तो पेपर आला. शेजारची रत्नम्मा सकाळीच तो हलवत आली.

"राजे, बघ की! तुज्या बहिणीचा फोटू आलाय. लई मोठी झाली गं पोरगी!"

मी अव्वाची चादर पिळत होते. ती हसून म्हणाली, "आन् तू बस हितं चादरी पिळत."

घरी आईबापांना सांभाळणाऱ्या बायकांना आठवड्यातून एक दुपार सुट्टी मिळावी म्हणून तू तीन वर्षं भांडलीस आणि ती मिळवलीस, अशी बातमी होती. खाली तुझं वाक्य होतं, "सांभाळणारीलाही कुणीतरी विचारलं पाहिजे." मी ते दोनदा वाचलं. अव्वासाठी मी शाळेतली नोकरी सोडली त्याला सहा वर्षं झाली होती. तो कागद मी औषधांच्या फळीवर अंथरला आणि खोकल्याची बाटली नेमकी तुझ्या तोंडावर ठेवली.

त्याच दुपारी तू रजा मिळाल्याचं सांगितलंस. मी म्हटलं, अव्वा आता कुणाला ओळखत नाही, उगाच पळापळ करू नकोस. ते खोटं होतं. अव्वा दूधवाल्या बसूलासुद्धा आवाजावरून ओळखत होती. तू आलीस तर ती उठून बसेल, असं मला वाटलं. माझ्यासाठी ती कधी उठून बसली नव्हती.

रोज तुझा निरोप आला की तिचा चेहरा बदलायचा. जेवण झालं का, असं तू कानडीत विचारायचीस, "ऊट आतेनव्वा?" आणि जेवलेली असली तरी ती मोबाईलला सांगायची, अजून नाही. तू आणखी थोडं बोलावंस म्हणून. त्या दिवसापासून मी तिच्यापुढे मोबाईल धरणं बंद केलं.

"दाक्षीचं आलं का गं?"

"न्हाई. कामात असंल."

असे नऊ दिवस गेले. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "मग तू बोल की. तू कदीच काय बोलत न्हाईस."

दाक्षी, मी म्हटलं, "गोळी घ्यायची हाय."

तिने आ केला. संध्याकाळी ती गेली. समाधी देताना जंगम अय्यांनी तिला बसवून डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, तेव्हा ते बोट मला दिसलं, तुझा निरोप लावायला ती मोबाईलवर ठेवायची ते.

आज सकाळी एका निरोपाची खूण तुला निळी झालेली दिसली असेल. तो मी लावला. तू विचारलंस, "ऊट आतेनव्वा?" घरात मी एकटीच होते. मी म्हटलं, अजून नाही.

उरलेले आठ मी लावणार नाही. पुण्यस्मरणाला ये, आपण समाधीपाशी बसून लावू. यायचं नाही असं ठरवलंस, तर तेही मी समजेन. पण आलीस तर औषधं आणि पाठीचं विचारू नकोस. पहिलं विचारतेस तेवढंच मला विचार.

तुझी वाट अडवणारी,
राजेश्वरीअक्का