पांढऱ्या पेशींचं इंजेक्शन

अण्णा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. त्या इंजेक्शनबद्दल मी अजून कुणाशीच खरं बोललेले नाही.

तुम्ही सातपूरच्या कारखान्यात तपासनीस होतात. दुसऱ्याने मोजलेला पार्ट स्वतः पुन्हा मोजल्याशिवाय पास करायचा नाहीत. कॉलेजचा एक फॉर्म मी न वाचताच सही करून आणला, तेव्हा स्वयंपाकघरात आईसमोर तुम्ही तो माझ्या हातात परत दिलात. "न वाचता सही करणाऱ्याला कुणीबी गंडवतं," म्हणालात. ते माझ्या अंगात मुरलं. पुढे मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले, तिथेही माझा भरवसा फक्त स्वतः पाहिलेल्या स्लाइडवर.

मग तुमची कावीळ. साधी म्हणता म्हणता आठवड्यात लिव्हर निकामी झालं. मुंबईला हलवण्याजोगे तुम्ही राहिला नव्हतात. वॉर्डात तुम्ही मला आत्या समजून हाक मारताय, अंगात ताप आहे, आणि तरुण डॉक्टर माझ्यापुढे कागद धरतोय.

"पांढऱ्या पेशींना जोर येण्यासाठी इंजेक्शन द्यावं म्हणतो."

"काउंट तर वाढलेलाच आहे. मी स्वतः पाहिलाय."

"संख्या आहे, पण त्या जंतूंना मारत नाहीयेत. लिव्हर बंद पडलं की त्याही सुस्तावतात. या औषधाने फरक पडेल असं वाटतं."

"वाटतं?"

"खात्री नाही. औषध जुनं आहे, या आजारात वापर नवा. म्हणून तर सही मागतोय."

मी कागद तीनदा वाचला. आमच्याच माणसावर का? शेजारच्या खाटेवाल्यांना का नाही विचारलं? सकाळी औषधकंपनीचा माणूस बॅग घेऊन याच डॉक्टरच्या खोलीतून बाहेर पडताना मी पाहिला होता.

दुपारी तुम्ही डोळे उघडलेत, मला माझ्या नावाने हाक मारलीत. मी सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग देऊ दे की. खात्री नाय हे त्यानं कबूल केलं ना? फसवणारा तसं बोलत नाय." आणि पुन्हा गुंगीत गेलात.

मी बाहेर येऊन डॉक्टरला सांगितलं, "अण्णा नको म्हणाले."

तिसऱ्या दिवशी जंतुसंसर्ग छातीत उतरला आणि तुम्ही गेलात. इंजेक्शनाने वाचला असतात का, कोण जाणे. मी त्यावर मिळेल ते वाचते. काहींना उपयोग झाला, काहींना नाही. आई अजून सांगते, "त्यांनीच नको म्हटलं. शेवटपर्यंत आपल्याच मताचे." मी ऐकून घेते.

हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून आजच फाडणार आहे. तुम्ही भ्रमात बोलताय, असं मी मनाला समजावलं होतं. पण तुम्ही पूर्ण शुद्धीवर होतात, हे मला तेव्हाच कळलं होतं.