खंडेनवमीला उघडं इंजिन

उस्मानाबाद, खंडेनवमी, १९४४. संध्याकाळ.

सोलापूरच्या मिस्त्रीची मजुरी ऐकली आणि मोटार स्वतःच उघडली. इंजिनाचे प्लग काढून घासले, चहाला आत आलो, तेवढ्यात हिनं प्लग आवळायचे माझे पाने धुऊन, हळदकुंकू लावून पूजेत मांडले! आता उद्या उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना शिवायचं न्हाई. आणि उद्या सकाळीच आईला तुळजापूरला न्यायचंय.

"मिस्त्रीला बोलवा की," ही म्हणाली.

"त्याचे पाने काय आज मोकळे असतील?"

आई हसली. "बैलगाडी जुंपायला सांगू का रे?"

मुळीच न्हाई. पाने देवीचे झाले, बोटं अजून माझी आहेत. प्लग हातानं फिरतील तेवढे आत्ताच फिरवतो. पहाटे उत्तरपूजा मीच करणार. देवीनं यंदा थोडक्यात भागवून घ्यावं.