घरची प्रार्थना माझ्याकडे

सोमवार, ३ मार्च

डॉक्टरांनी बायकोच्या घशातल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत तिने एक शब्दही बोलायचा नाही. झालं — घरची संध्याकाळची प्रार्थना माझ्याकडे आली. लग्न झाल्यापासून ती करत आली. मी मान खाली घालून जेवण निवतंय, एवढाच विचार करत आलो.

मंगळवार, ४ मार्च

'हे करुणासागरा, पतितपावना, अखिलब्रह्मांडाधिपते' इथवर आलो आणि पुढचं सुचेना. संस्कृत शिकल्याचा हा फायदा — हाका भरपूर, मागणं शून्य. मुलगी ओठ दाबून हसत होती.

गुरुवार, ६ मार्च

आज सरळ बोललो. रुग्णालय कुठलं, मजला कितवा, निकाल कधी — सगळं देवाला सांगितलं. सासूबाईंनी मध्येच डोळे उघडले.

"जावईबापू, त्याला पत्ता ठाऊक आहे हो."

"बातमीदाराची सवय, आई."

"बातमी झाली देऊन. आता मागा की काहीतरी."

तिथेच तर घोडं अडतं. मागितलं आणि नाही मिळालं तर? न मागणाऱ्याला निदान कोणी नकार देत नाही.

रविवार, ९ मार्च

चर्चमध्ये पाळक उपदेशात म्हणाले, सगळा भार प्रभूवर टाका. टाकतो. सकाळी तो पुन्हा माझ्याच उशाशी असतो. बाहेर पडताना त्यांना हे ऐकवलं. "मग रोज टाका," म्हणाले. इतकं सोपं उत्तर चुकीचं असायला हवं. दिवसभर चिडचिड.

मंगळवार, ११ मार्च

कामाचं निमित्त करून प्रार्थना टाळली. बायको ताटाला हात न लावता बसून राहिली. सासूबाईंनी दोनदा "जेव गं" म्हटलं. शेवटी तिने पाटीवर लिहून माझ्यापुढे सरकवली — 'भांडायचं तर त्याच्याशी भांडा. रोजनिशीशी काय भांडता?'

शुक्रवार, १४ मार्च

निकाल वाईट. स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल, आवाज जाईल. डॉक्टर म्हणाले, आता बोललात तरी चालेल. इतक्या दिवसांनी तिचं पहिलं वाक्य — "निघताना गॅस बंद केला होतात ना?"

संध्याकाळी भांडलो. उघड्या डोळ्यांनी. 'तुला न्यायला दुसरं काही सापडलं नाही? माझा आवाज ने. त्याचा तुला आजवर काय उपयोग झालाय? तिचा राहू दे. राहू दे रे.' एकही विशेषण नाही. कोणी हसलं नाही. मुलगी उठून आत गेली.

बुधवार, १९ मार्च

काही फरक नाही. ऑपरेशनची तारीख पक्की. रोज मागतो, रोज चिडतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायला बसतो. पाळकांना हे कळता कामा नये.

रविवार, २३ मार्च

ती दिवसभर बोलतेय. मुलीशी, आईशी, शेजारणीशी फोनवर. मला म्हणाली, "तुम्ही काय तोंडाकडे बघत बसलाय? कपडे भरा पिशवीत." भरले. प्रार्थनेत तेच मागितलं.

सोमवार, २४ मार्च

ऑपरेशनला आत नेण्याआधी म्हटलं, "आजची प्रार्थना तू कर." म्हणाली, "नको. मला तुमची ऐकायचीय." केली, अडखळत. शेवटी ती "आमेन" म्हणाली आणि ओठ मिटले. मुलीने काही विचारलं, त्यालाही नुसती मान हलवली. शेवटचा शब्द तिने आधीच निवडून ठेवला होता.