हिऱ्यांच्या खाणीची तयारी

सणसर, १२ जानेवारी १९९८
पेपरात वाचलं. कॅनडाच्या पार उत्तरेला बर्फाखाली हिरे सापडलेत. खाणीच्या कॅम्पला बॉयलरवाले हवेत, एप्रिलात पुण्यात इंटरव्ह्यू. म्हणजे मीच. या साखर कारखान्यात माझं टॅलेंट कुजतंय. बायकोला सांगितलं. कौसल्या म्हणाली, तितं ऊस हाय का? उद्यापासून गार पाण्यानं अंघोळ.

१३ जानेवारी
कौसल्येनं आधीच पाणी तापवलं होतं. वाया कसं घालवायचं?

२ फेब्रुवारी
राजीनामा दिला. चीफ इंजिनियरनं उठून हात मिळवला, चहा पाजला. दुःख लपवत होता बिचारा. भिमा फिटर तर हसतच होता. गावठी माणूस. हिरा आणि खडीसाखर यातला फरक त्याला काय कळणार?

९ मार्च
थंडीचा सराव. बारामतीच्या बर्फ कारखान्यात लाद्यांवर बसलो. थोड्याच वेळात दातखीळ बसली. तिथल्या सोनबानं पोत्यात गुंडाळून उन्हात ठेवलं. म्हणाला, तात्या, मरायचं आसंल तर दुसरीकडं जावा. दोष बर्फाचा. लोकल माल. कॅनडाचा बर्फ कोरडा असतो.

२४ एप्रिल, पुणे
इंटरव्ह्यू. तयारी दिसावी म्हणून दोन स्वेटर, कोट, मफलर, माकडटोपी. बाकीचे उमेदवार बुशशर्टात! सिरियसनेसच नाही. आत गेलो आणि डोळ्यांपुढं अंधार. शुद्धीवर आलो तर फरशीवर. गोरा साहेब वाकून विचारत होता, वॉटर? मी म्हटलं, नो सर, डायमंड. उत्तर आवडलं असावं, फार हसला.

२९ एप्रिल
नकार. तब्येत नाजूक म्हणे. गोऱ्यांना माणसाची पारख नाही.

३ मे
मला न विचारता कौसल्या कारखान्यात जाऊन आली. डोळे लाल. खूप विचारल्यावर बोलली. साहेब म्हणाले म्हणे, त्येंनी सोडल्यापासून बॉयलर येकदाबी बंद पडला न्हाय. या म्हणावं, पण बॉयलरला हात लावायचा न्हाय. गेटवर बसायचं.
गेट म्हणजे सिक्युरिटी. जबाबदारीचं काम. होकार कळवला.

४ मे
पहिला दिवस. कौसल्येला म्हटलं, डबा भर. ती म्हणाली, कशाला? दारातनं गेट दिसतंय. हाक मारीन, जेवायला घरीच या.
दुपारी तिनं हाक मारली. भिमा गेटपाशीच उभा होता. म्हणाला, जावा तात्या, मी बसतो, हितं कोण येतंय!
गेलो.