भाचीची झोप घोड्याची की सापाची

सा देक, बाजारामागची गल्ली
जेवणानंतरची वेळ

प्रिय लियू,

तुला आणि नव्या पाहुण्याला दादाकडून ओंजळभर आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंना वाकून नमस्कार, कारण हे पत्र तुला त्याच वाचून दाखवणार हे मी जाणून आहे. बाळंतिणीच्या डोळ्यांना महिनाभर ताण नको म्हणून तुझा फोन त्यांच्या कपाटात गेला, आणि माझ्यासारख्या न्हाव्याला एवढ्या वर्षांनी कागद-पेन शोधावं लागलं. प्रकृती कशी आहे? पलंगाखालची शेगडी नीट तापते ना? मिरी घातलेलं डुकराचं खारं मांस अजून तिन्ही त्रिकाळ चालू आहे का? (विहीणबाई, ही तक्रार नव्हे, चौकशी.) केस धुवायला अजून परवानगी मिळाली नसेल. त्या बाबतीत माझा धंदा तुझ्या काही उपयोगाचा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता एका घोर अन्यायाकडे वळतो. माझा लोड गेला. ज्या लोडाला मिठी मारून मी आजवर झोपत आलो, ज्याच्यामुळे मला लग्नाची गरज पडली नाही असं गल्लीत उघडपणे बोललं जातं, तो तुझ्या थोरल्या लेकीने, थोमने, महिनाभरासाठी माझ्याकडे आल्या रात्रीच ताब्यात घेतला. घेऊन त्यावर झोपली असती तर मी ब्र काढला नसता. पण तिने तो मच्छरदाणीच्या तोंडाशी आडवा टाकला, एखादं धरण बांधावं तसा, आणि त्यामागे मांडी घालून दाराकडे बघत बसली. लोड झोपला. थोम जागी. मी जागा, आणि मिठीत काही नाही.

लहान पोराला झोपवायचं कसं हे मला कोण सांगणार? गिऱ्हाइकं खुर्चीत बसल्या बसल्या घोरतात, तेवढाच माझा अनुभव. म्हणून मी तिला जनावरांच्या झोपेच्या गोष्टी सांगायला घेतल्या. कोंबडी फांदीवर बसली की तिच्या पायांची बोटं आपोआप आवळतात, म्हणून ती झोपेत पडत नाही. देवळातली वटवाघळं उलटी लटकतात आणि पंखांचं पांघरूण घेतात. म्हैस चिखलात बसते, डोळे अर्धे मिटते आणि तोंड चालूच ठेवते (इथे मला आपल्या थोरल्या काकूची आठवण झाली, पण ते सोड). रांजणातला मासा तळाशी नुसता तरंगत थांबतो, त्याला डोळे मिटताच येत नाहीत. मी अगदी रंगात आलो होतो. आणि त्या रंगाच्या भरात ती मूर्खपणाची गोष्ट माझ्या तोंडून गेली. थोमने विचारलं, मग मी कशी झोपते? मी म्हणालो, बारा जनावरांच्या बारा वर्षांपैकी तू घोड्याच्या वर्षात जन्मलेली, आणि घोडा उभ्याने झोपतो.

ती उठली आणि कपाटाला टेकून उभी राहिली.

मी परोपरीने समजावलं. घोडासुद्धा अधूनमधून आडवा होतो म्हणालो. कधी, असं तिने विचारलं. कुणी बघत नसताना, असं मी ठोकून दिलं, कारण घोडा मीदेखील शर्यतीच्या चित्रातच पाहिलेला. मग तू बघू नकोस, असा हुकूम आला. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. थोड्या वेळाने धप्प आवाज झाला. लागलं नाही, काळजी करू नकोस. (विहीणबाई, हे वाक्य दोनदा वाचा.) पण रडणं थांबेपर्यंत कोंबडे आरवायला लागले होते, आणि ती फांदीवरची कोंबडी मला एकदम फार सुखी वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गल्लीतल्या साऊ काकांची दाढी करत होतो. फेस लावलेला, वस्तरा हातात, आणि मी माझं दुःख सांगत होतो. साऊ काका ताडकन सरळ झाले. म्हणाले, "अरे गाढवा, घोड्याची कुठली? ती सापाची आहे." त्यांचं म्हणणं, थोम जन्मली टेटच्या, म्हणजे नववर्षाच्या, आदल्या रात्री, फटाके सुरू व्हायच्या आधी, तेव्हा जुनं वर्ष अजून संपलं नव्हतं आणि जुनं वर्ष सापाचं. बाकावर बसलेल्यांपैकी अर्धे म्हणाले की पोरीचा पहिला आवाज फटाक्यांत मिसळला होता, म्हणजे घोडाच. उरलेले म्हणाले, दवाखान्यातलं घड्याळ पुढे होतं, म्हणजे सापच. त्या रात्री दवाखान्यात यांच्यातला एकही नव्हता, पण त्याने वादाला बाधा आली नाही. साऊ काका अर्ध्या दाढीने घरी गेले आणि काकूंना साक्षीला घेऊन परत आले. लियू, तू नेहमी घोडा म्हणतेस हे मला माहीत आहे. विहीणबाई साप म्हणतात हेही माहीत आहे, कारण घोड्याच्या वर्षाची मुलगी कुणाचं ऐकत नाही असं त्यांचं मत आहे. (विहीणबाई, तुमच्या मताचा पूर्ण आदर आहे. पण तिचं वागणं तुमच्या बाजूने साक्ष देत नाही.) मी मधल्यामधे. मी सापही म्हणत नाही, घोडाही म्हणत नाही. मला फक्त झोप पाहिजे.

पण खुर्चीशेजारी उभी राहून थोम सगळं ऐकत होती, आणि जाता जाता साऊ काकांनीच तिला सांगून टाकलं की सापाला पापण्या नसतात, तो उघड्या डोळ्यांनी झोपतो. त्या रात्री ती छान आडवी झाली, हात अंगाशी, पाय जुळलेले, आणि छताकडे टक लावून पडली. पापणी लवेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी म्हणालो, बाई, मिट आता. म्हणाली, सापाला मिटता येत नाहीत. मग सापाला झोप लागली हे कळतं कसं, असं मी विचारलं, तर ते सापाला विचारायचं नसतं असं उत्तर मिळालं. मी तिच्या डोळ्यांवर फुंकर घातली. तिने माझ्या डोळ्यांवर घातली.

परिणाम सांगतो. काल सकाळी मी एका गिऱ्हाइकाचा कान कोरत असताना उभ्या उभ्या झोपलो. कान वाचला, गिऱ्हाईक परत येईल असं वाटत नाही. म्हणजे मी घोडा ठरलो, आणि मी तर डुकराच्या वर्षाचा. आता कोण कुठलं जनावर, यातलं मला काहीच कळेनासं झालं आहे.

मग काल दुपारी मी दुकान बंद केलं आणि तिला घेऊन मागच्या शेतात गेलो. कापणी झाल्यामुळे गाम मावशीची बदकं तिथे उतरली आहेत. जेवून सगळी गल्ली आडवी झाली होती आणि बदकंही. थोमने मला खाली बसवलं. मधली बदकं चोची पाठीत खुपसून दोन्ही डोळे मिटून गाढ. पण कडेची बदकं एकच डोळा मिटून होती आणि बाहेरच्या बाजूचा डोळा टक्क उघडा. गाम मावशी झाडाला बांधलेल्या झोपाळ्यातूनच बोलली की कडेच्यांची पाळी असते. अर्धं झोपायचं, अर्धं जागायचं, मग फिरून बसायचं आणि दुसरा डोळा उघडायचा. दमलं की आत शिरतं आणि दुसरं कडेला येतं. मग थोम माझ्या कानात म्हणाली की तिला कडेचं बदक व्हायचंय.

मी म्हटलं, बदक तर बारा जनावरांत बसतच नाही, आणि तुला कशाला पहारा? इथे चोर आला तर फार तर कंगवा नेईल.

"आई रात्री आली आणि मी झोपलेली असले तर?"

"तर ती तुला उठवेल."

"नाही उठवणार. बाळ बघायला गेलो तेव्हा ती म्हणाली, झोपलेल्याला उठवायचं नसतं. मग ती परत जाईल."

लियू, हे ऐकून गाम मावशीने झोपाळा थांबवला.

शेवटी मी सौदा केला. आपण दोघं कडेची बदकं. पहिली पाळी माझी. मी दाराकडे बघतो, तू आत झोप. मग तुझी. तिला पटलं. लोड तसाच दारापाशी ठेवून, एक डोळा मिटून मी ऐटीत पहाऱ्याला बसलो.

सकाळी मला थोमने हलवून उठवलं. डोळे लाल, चेहरा शहाण्या माणसासारखा. म्हणाली, "मामा, तू झोपलास. तुझी पाळीपण मीच केली." रागावली नव्हती. नुसती माहिती दिली आणि दात घासायला गेली.

असो. बाळाला माझा पापा दे. आमच्या मेहुण्यांना, खांगरावांना, नमस्कार सांग.

तुझा
दादा

ता. क. विहीणबाई, सापाबद्दल माझं काही म्हणणं नाही आणि घोड्याबद्दलही नाही. फटाक्यांचा निकाल तुम्ही दोघींनी लावा, निम्मी गल्ली साक्षीला पाठवतो. इथे सध्या ती बदक आहे.

ता. क. दुसरा. हे मात्र लियूला सावकाश वाचून दाखवा. महिना भरल्यावर तू येशील, तेव्हा थोम झोपलेली असली तरी तिला उठव. कितीही गाढ असली तरी, बाळ रडलं तरी, सासूबाई काहीही म्हणाल्या तरी. मी हे तुझ्या वतीने तिला कबूल करून बसलोय. बाकी एवढं लांबलचक पत्र मी याच एका ओळीसाठी लिहिलं.

ता. क. तिसरा. जेवण झाल्यापासून ती माझ्या झोपाळ्यात झोपली आहे, दोन्ही डोळे मिटून, बोट तोंडात. साऊ काका मघाशी आले होते, त्या दिवशी राहिलेली अर्धी दाढी करायला. त्यांना मी ओठांवर बोट ठेवून बाकावर बसवलं, आता तेही पेंगताहेत. गल्लीभर सगळे झोपलेत. आज दुपारीही पहिली पाळी माझीच ठरली होती, ती केव्हाच संपली. पण काल रात्रीची माझी पाळी तिने केली, ती फेडायची राहिली आहे, म्हणून मी दाराकडे तोंड करून अजून बसतो.