चाकं नकोत

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग वाच! फुटपाथवर माल मांडणं आता गुन्हा नाही. वाट अडवली तर दंडाची पावती, बस्स. कोठडी नाही, खटला नाही, माझी जुनी केससुद्धा काढून टाकली. मी रस्त्यातच नाचले. लोकांना वाटलं, बाई कामातून गेली.

इतकी वर्षं चादरीवर बसून चष्मे दुरुस्त केले. शिट्टी वाजली की गाठोडं उचलायचं आणि पळायचं. बारीक स्क्रू किती सांडले, देव जाणे. आता मला टेबल करून दे. भाऊ सुतार आणि बहीण जमिनीवर, शोभतं का तुला? चांगलं जड हवं, खणांचं.

लोभ आहेच, तो टेबलासकट पाठव.

तुझी,
बारकी

१० मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

एवढी हुरळून जाऊ नकोस. कायदा बदलला, पण पोलिसाच्या डोक्यात उतरला का? तुला कोठडीतून सोडवून आणलं, त्या दिवशी घरी येऊन मी ढसाढसा रडलो, वहिनीला विचार. पुन्हा ते बघायची ताकद नाही माझ्यात. टेबल करतो, पण हलकं, चाकांचं. वेळ आली तर ढकलत पळता येईल. वहिनी मला भित्रा म्हणते. असेन.

जपून राहा, एवढं माझ्यासाठी कर.

तुझा,
दादा

१४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चाकं लावलीस तर टेबल परत पाठवीन! पळायची सोय दिसली की मी पळणारच. माझे पाय मला माहीत आहेत.

रागावलीस म्हणू नकोस, लोभ तसाच ठेव.

बारकी

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

टेबल पोचलं, बिनचाकांचं! चौघांनी मिळून उतरवलं.

काल शिट्टी वाजली आणि मी सगळं तिथेच टाकून कोपऱ्यापर्यंत धूम ठोकली. वळून बघते तर पोलीस एका ट्रकवाल्याला थांबवत होता. मग परत आले. चालत आले, दादा. पोलिसाने टेबल भिंतीकडे आत घ्यायला सांगितलं. आता फळवाले, मोजेवाले सगळेच आलेत, जागेवरून रोज भांडणं. त्याने आणि मी मिळून सरकवलं. घामाघूम झाला बिचारा, सुताराला मनसोक्त शिव्या घातल्या त्याने!

संध्याकाळी एका आजोबांचा चष्मा अर्धवट राहिला. उद्या कुठे सापडशील, असं त्यांनी विचारलं. आजवर या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मी म्हटलं, इथेच. आणि म्हणता म्हणता रडूच फुटलं मला.

लोभ असू दे, आणि एकदा येऊन बघ.

तुझी,
बारकी