परप्रकाशित: शि पहिली

प्रिय ताई,

आज शुक्रवार. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटे. दिग्रसच्या कापूस जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसलो आहे. शेवटच्या बैलगाडीचे वजन दोनदा तपासून लिहिले, वही मिटली आणि हा कागद घेतला. तू गेल्यापासून दोन वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती. आज लिहितो, कारण तो शब्द आज माझ्या तोंडून निघाला.

यंदा भाव इतका पडला आहे की लोक कापूस घरातच ठेवून बसले आहेत. दिवसभरात चारच गाड्या आल्या. चौथ्या गाडीचे म्हातारे काका पश्चिमेकडे बोट दाखवून म्हणाले, "बाबू, ते चांदणी काहून एवढी चमकून राह्यली?"

"चांदणी नाही काका, शुक्र आहे. ग्रह परप्रकाशित असतात."

हाच तो शब्द, ताई.

आठवते? मी आठवीत शाळा सोडली तेव्हा तू अट घातलीस, रोज एक पान लिहायचे. तू तपासायचीस आणि खाली लाल शाईने 'चुका: सात', 'चुका: चार' असे मांडायचीस. मी 'परप्रकाशीत' लिहिले तर केवढा मोठा गोल केलास! "शि पहिली रे, शि पहिली!"

अर्थ विचारला तर, लाईट गेली म्हणून शेजारचे आपल्या अंगणात जमले असताना, तू सायकलच्या तारेला कापसाच्या रुईचा गोळा टोचून कंदिलासमोर धरलास. अर्धा गोळा उजळला, अर्धा काळा. "हा चंद्र. याची माती आपल्या वावरासारखी काळीच हाय. तरी पाय, कसा चमकते! अन् शुक्रावर ढग हायेत, या रुईवानी पांढरे. म्हणून तो जास्त चमकते."

"म्हंजे सोताचं काईच नाई?"

"काईच नाई. तुह्यासारखं! मी हावो म्हणून चमकून राह्यला, नाई तं दगड."

तू हसलीस. मी मात्र नाही हसलो. शेजारचे सगळे हसत होते ना! दुसऱ्या दिवसापासून मी वही दाखवली नाही. थट्टाच होती, पण इतकी वर्मी लागेल अशी का केलीस, ताई?

मग तुला कावीळ झाली. यवतमाळच्या दवाखान्यात पिवळ्या डोळ्यांनी विचारायचीस, "वही आनली का रे?"

"उद्या आनतो."

तो उद्या आलाच नाही. आज खरे सांगतो. राग कधीच गेला होता. वहीत काही लिहिलेलेच नव्हते! तू तपासणार नसलीस तर लिहायचे कोणासाठी? कोरी वही दाखवायची लाज वाटली. म्हणजे तू बोललीस ते खरेच होते.

आज मी बॅटरी लावून, कापसाचे बोंड धरून काकांना सगळे समजावले. ते म्हणाले, "त्याचं सोताचं काई नसन. पन आमी चांदण्यातच गाड्या हाकतो ना बाप्पा! बैलं थोडीच इचारतेत, उजेड कोनाचा म्हणून?"

मला हसू आले. ताई, हे तू मला का नाही सांगितलेस? की मी रुसून बसलो म्हणून राहून गेले?

काका गेल्यावर पुन्हा पाहिले. सूर्य कधीचाच बुडाला होता, अन् शुक्र चमकतच होता. सूर्य आपल्याला दिसत नाही एवढेच. त्याला दिसत असतो.

दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म आणून आठ दिवस झाले. चूक होईल या भीतीने अजून कोराच आहे. सोमवारी भरून देतो. आणि आजपासून रोज एक पान. हे पहिले.

तीनदा वाचून काढले आहे. तरी खाली जागा सोडली आहे.

तुझा परप्रकाशित भाऊ,
विलास

चुका: